तिन्ही खुर्च्यांवर एकटा मेरिक

ऑस्ट्रेलियातल्या ग्लॅडस्टोनच्या खाडीकाठी लोखंडाला जस्ताचा मुलामा देणारा एक कारखाना होता. तिथला मेरिक टोलहर्स्ट म्हणजे जन्मात एक खिळा न ठोकता खिळा कसा ठोकावा यावर तासभर बोलणारा माणूस. मालाचा दर्जा, पर्यावरण आणि कामगारांची सुरक्षितता पूर्वी तिघे बघत. तिन्हींची मिळून एकच व्यवस्था करू, हे मेरिकने मालकाच्या गळी उतरवलं. दोघे घरी गेले आणि तिन्ही खुर्च्यांवर हा ऐसपैस बसला.

या व्यवस्थेला प्रमाणपत्र मिळालं की ब्रिस्बेनच्या कचेरीत बढती ठरलेली. मेरिकचा सगळा जीव त्यात अडकला होता.

नियम त्याने स्वतः लिहिले. लोखंड धुवायचं आम्ल सांडलं की पर्यावरणप्रमुखाने धावत जाऊन गटाराची झडप बंद करायची. सुरक्षाप्रमुखाने फाटकापाशी हजेरी घ्यायची, आणि ती होईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.

जस्ताच्या कढईवरच्या मुकादम डेस्ली कॉपने त्याला विचारलंही होतं, "अरे मेरिक, झडप खाडीकडे, फाटक रस्त्याकडे. दोन्हीकडे तूच?"

"तू कढई सांभाळ गं. व्यवस्थेचं मी बघतो."

तपासनीस बाई आल्या त्या दिवशी सराव ठेवला होता. भोंगा वाजला. बाई पाहताहेत म्हटल्यावर मेरिक कोरे बूट घालून झडपेकडे सुटला. ओहोटी होती. खाडीकाठच्या लहान पोराला कळतं ते या शहाण्याला कळलं नाही. झडप त्याने फिरवली खरी, पण परत वळताना तिवरांच्या चिखलात मांड्यांपर्यंत रुतला.

"अरे, कोणीतरी या रे!"

फाटकापाशी सगळ्यांना ऐकू आलं. बिली नावाचा वेल्डर म्हणाला, "जायचं का?"

"हजेरी कुठे झालीय?" डेस्ली म्हणाली.

"हजेरी घेणारा तर चिखलात बोंबलतोय."

"मग थांबू या. नियम आहे बाबा." तिने थर्मास उघडला. कोणीतरी बिस्किटं काढली.

बऱ्याच वेळाने मेरिक स्वतःच कसाबसा सुटून एका बुटावर, चावऱ्या माश्यांनी फोडून काढलेला, ठिबकत आला आणि त्याच अवतारात त्याने हजेरी घेतली. लाज नावाची चीज त्याच्याकडे नव्हतीच. लोकांची शिस्त बाईंना फार आवडली. दोन कामं दोघांना द्या, एवढंच त्यांनी सुचवलं आणि प्रमाणपत्र मंजूर केलं.

पुढच्याच सोमवारी, बढतीचं पत्र यायच्या आधी, मेरिकचा नवा नियम लागला. हजेरी मेरिक घेणार, झडपेवर डेस्ली जाणार.

डेस्लीने तो त्याच्यासमोरच वाचला.

"म्हणजे तुला कळलं तर."

"काय कळलं?"

"आम्ल खरंच सांडलं असतं, तर त्याच्या वाफेत त्या चिखलातून तू परत आला नसतास."

मेरिकने सही करायला पेन तिच्यापुढे सरकवलं.