मिठाच्या डब्यावरचा रबरबँड

कोथिंबिरीच्या जुडीचा रबरबँड सोडवताना बोरिवलीचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. काचबिंदूने आईला जवळजवळ दिसत नव्हतं, तरी चहा तीच करायची. त्या दिवाळीत मी सगळे डबे घासून लख्ख केले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवले. चहात मीठ! सगळ्यांसमोर मी ओरडले, "दिसत नाही ना तुला? मग कशाला लुडबुड करतेस?"

आई हळूच म्हणाली, "अगं, मिठाच्या डब्याला मी रबरबँड लावला होता."

तो मीच काढून फेकला होता. तेव्हाच आठवलं, तरी मी गप्प बसले.

आई पुन्हा कधी ओट्यापाशी आली नाही. नातेवाईक अजून कौतुकाने म्हणतात, लेकीने आईला कशाला म्हणून हात लावू दिला नाही!