हरिश्चंद्रगडाची तयारी

झालेली सहल फोटोंत संपते, न झालेली दर वर्षी नव्याने ठरते. आमच्याकडे न झालेल्या सहलींचे किस्से इतके साठलेत की डोंबिवलीतले निम्मे लोक आम्हाला ट्रेकर समजतात. आम्ही म्हणजे मी, किशोर आणि पक्या. तिघंही साठीला टेकलेले. पाऊस सरला की तिघांना डोंगर आठवतात.

प्लॅन नेहमी एकच. पक्याच्या गाडीने माळशेज, खिरेश्वरला तंबू, सकाळी हरिश्चंद्रगड. यंदा मात्र घाई होती. दसरा झाला की किशोर कायमचा बंगळूरला मुलाकडे जाणार होता.

"एक रात्र तंबूत झोपायचंय रे. मग न्या मला कुठेही," तो म्हणाला.

मी लगेच कॅलेंडर काढलं. नवरात्रातला शनिवार ताबडतोब पक्का केला.

*

पहिली बैठक मानपाड्याला, किशोरच्या गॅलरीत. विषय होता रूट. शहाडचा पूल ओलांडून मिसळ खायची की मुरबाडला वडापाव, यावर जुंपली. शेवटी मीच दोन्हीकडे थांबायचा तोडगा काढला आणि स्वतःवरच खूश झालो. उठलो तेव्हा दोन नाश्ते आणि एक जेवण ठरलं होतं. गड कुठल्या वाटेने चढायचा, हे कोणी विचारलंच नाही.

*

मग फिटनेस. सॅकमध्ये वजन म्हणून घरातलं दळण भरलं आणि बिल्डिंगचा जिना चढायला घेतला. चौथ्या मजल्यावर साठेकाकूंनी दार उघडून विचारलं, कुठे निघालात? उत्तर द्यायला श्वास उरला नव्हता. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्या बायकोला फोन लावला.

"शीला, यांना न्यायला ये गं."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

*

तंबू मी ऑनलाइन मागवला. प्रॅक्टिस म्हणून हॉलमध्ये उभारला. उभा राहिला झटक्यात, पण परत पिशवीत जाईना. पक्याने व्हिडिओ बघून घडी घातली, तर एक दांडी पंख्याला लागली. तंबू तसाच राहिला, नेमका देवाच्या कोपऱ्यात.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. शीलाने कपाळाला हात लावला आणि घट तंबूतच बसवला. अखंड दिवा तेवढा बाहेर, तंबूच्या दारापाशी ठेवला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी डेकोरेशनचं फार कौतुक केलं. मीही ते ऐकून घेतलं.

शुक्रवारी माझी ट्यूब पेटली. शनिवारपुरता घट जरा बाजूला ठेवता येईल का, असं मी शीलाला विचारून पाहिलं. तिने घटावर नवी माळ चढवली. बसवलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. भाड्याचे तंबू सगळीकडे बुक झालेले. किशोरला सांगायला मी पक्याला पुढे केलं. आता तो बंगळूरला जाणार आणि आम्ही जन्मभर तोंड लपवणार, असं वाटलं.

*

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात किशोर. पाठीला सॅक, डोक्याला टॉर्च, पायात नवे बूट. बूट त्याने बाहेर काढले.

"वहिनी, दिव्याला तेल घालायला रात्री कोणीतरी लागत असेल ना?"

शीलाने घटाशेजारी सतरंजी अंथरली. किशोर आत शिरला, पाय बाहेर राहिले. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला.

"पोचलो रे. हा बघ तंबू. देवीचं ठाणं अगदी जवळ आहे. दिवासुद्धा दिसतोय."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"रेंज जातेय," म्हणून त्याने फोन ठेवला.

सकाळी चहा घेऊन त्याने देवीला नमस्कार केला, सॅक चढवली, बूट घट्ट बांधले. मी लिफ्टचं बटण दाबायला गेलो, तर त्याने माझा हात धरला.

"चढण्याचं काही नाही रे. उतरतानाच जपायला लागतं."

आणि एकेक पायरी बघत तो उतरायला लागला.