घोड्याच्या मानेवरचा तळवा

सिधोम गवंडी होता. इजिप्तमधल्या असियूतकडच्या आमच्या गावातून तो वाळवंटातल्या मठात आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि परतला तो म्हातारा होऊन. मठाची प्रत्येक भिंत कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेली. मी त्याला चुना मळून द्यायचो. तो बोलायचा कमी. बोटाच्या पेरानं भिंत ठोकायचा आणि ऐकायचा.

मठात सोन्याच्या वर्खाच्या पोथ्या आहेत, मखमलीत गुंडाळलेल्या संतांच्या अस्थी आहेत. पण लोक येतात ते भिंतीवर रंगवलेल्या घोडेस्वार संतासाठी. चित्राला हात लावायचा, तोच हात तोंडावरून फिरवायचा, आणि नवसाची चिठ्ठी बारीक घडी करून कडेच्या फटीत सारायची, अशी रीत.

एका वर्षी या संताच्या सणाच्या आदल्या दिवशी पाऊस झाला. तिथली छपरं पावसासाठी बांधलेलीच नाहीत. पाणी भिंतीत उतरलं. सकाळी सिधोमनं घोड्याच्या मानेवर पेर हलकेच ठोकलं आणि त्याचा चेहरा पडला. आवाज पोकळ होता. आतल्या चिठ्ठ्या भिजून फुगल्या होत्या, त्यांनी गिलावा पुढे ढकलला होता.

"दार बंद ठेवू का?" मठाचे प्रमुख अबूना बिसेंती म्हणाले.

"सणाला? लोक दारच मोडतील, अबूना. त्या धक्क्यानं हे खाली येईल."

वाकवलेल्या तारेनं त्यानं चिठ्ठ्या एकेक करून ओढून काढल्या. एकही उघडली नाही. प्रत्येक ओढीला वाळूसारखी भुकटी गळायची आणि आम्ही श्वास धरायचो. मग पिचकारीनं पातळ चुना आत सोडला, चित्रावर कापूस ठेवला, त्यावर फळी आणि फळीवर त्याचा तळवा.

"टेकू देतो," मी म्हणालो.

"चुना धरू दे आधी. किती दाबायचं ते टेकूला कळतं का?"

लोक आत आले. अनवाणी आले, तरी इतक्या पायांनी जमीन थरथरत होती. अबूना दोन्ही हात पसरून उभे राहिले. गर्दी पुढे रेटत होती. सिधोमचा दंड लटपटायला लागला. मी कोपराखाली खांदा दिला.

तेवढ्यात त्याची बहीण लबीबा गर्दीतून घुसली. तिच्या सुनेची दोन बाळंतपणं वाया गेली होती, आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते.

"सरक, सिधोम. हात लावते आणि जाते."

"लावू नकोस. गळून पडेल."

"सगळ्या गावाला अडव, मला नको. एवढ्या लांबून तुझं तोंड बघायला आले का मी?"

"लबीबा, हात मागे घे."

"भिंतीची काळजी आहे तुला. माझ्या घरचा पाळणा रिकामा राहिला तर चालेल."

तो भिंतीवरची नजर न हलवता म्हणाला, "माझ्या हातावर हात ठेव. सकाळपासून घोड्याच्या मानेवरच आहे तो. दाबू नकोस."

तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. मग तिनं बोटांची टोकं त्याच्या चुन्यानं माखलेल्या हातावर टेकवली आणि तोंडावरून फिरवली. चिठ्ठी त्याच्या खिशात सारली.

मागची म्हातारी म्हणाली, "आता मी." तिच्या मागे रांगच लागली. प्रत्येक स्पर्शाला सिधोम दात आवळायचा. मी भिंतीकडे बघत होतो. एका पोराला शिंक आली आणि संताच्या रिकिबीजवळून नखाएवढा लाल रंग माझ्या पायावर पडला. बाकी राहिलं.

दुपार उलटल्यावर त्यानं मोकळ्या हातानं फळीच्या कडेला पेर ठोकलं. ऐकलं. पुन्हा ठोकलं.

"टेकू आण," तो म्हणाला.

हात खाली घेताना बोटं मिटेनात. अबूनांनी भाकरी आणि फूल, म्हणजे वालासारख्या दाण्यांची उसळ, असं जेवण आणून दिलं. ते मला त्याला भरवावं लागलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसला.