फौजदाराच्या दोन डिस्क

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. हिंगोलीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा एखाद्या गिऱ्हाइकाची गेलेली माहिती सुखरूप परत मिळाली, की मला आतून वाईट वाटायचं. कारण ती माझ्या भागीदाराच्या हातून मिळायची.

त्याला सगळे फौजदार म्हणत. पोलिसांशी त्याचा काही संबंध नव्हता. पण बिघडलेली हार्ड डिस्क घेऊन कुणी आलं, की तो आधी डिस्कला हातच लावायचा नाही. माणसाला समोर बसवून जबानी घ्यायचा.

"खरं सांगा, शेवटी काय दाबलं?"

"काहीच न्हाई बा. सकाळी चालू केला तर सगळं गायब."

"मंग काय, उंदरानं येऊन नवीन विंडोज टाकलं व्हय?"

दुकानात हशा पिकायचा. माणूस ओशाळायचा आणि हळूच कबूल करायचा, की मेव्हण्यानं कुठली तरी सीडी टाकली होती, तिनं काही विचारलं आणि यानं 'येस' दाबलं. "आता बराबर बोललात!" फौजदार खूश व्हायचा. "डिस्क घरी न्हाई न्यायची. आन् मेव्हण्याला तर बिलकुल न्हाई दाखवायची."

डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो. कोणता भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढंच त्यात असतं. तो बिघडला, की आतलं सगळं जागच्या जागी असूनही कॉम्प्युटरला डिस्क रिकामी दिसते. फौजदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "धुऱ्यावरचे हद्दीचे दगड कुनीतरी उपटले, वावर कुठं गेलं न्हाई." मग जुन्या खुणा शोधत शोधत तो तक्ता हाताने पुन्हा भरायचा. फोल्डर दिसू लागले, की खिशातून कंगवा काढून भांग पाडायचा आणि मगच गिऱ्हाइकाकडे वळायचा. कौतुक पदरात घ्यायची त्याची तयारी नेहमी पूर्ण असे.

आम्ही दोघं एकाच वर्गात शिकलो होतो. परीक्षेत मार्क मला जास्त होते. दुकानाची जागा माझी होती. पण दारातून डोकावणारा माणूस विचारायचा, "फौजदार हायेत का?"

"मी आहे ना. काय झालं?"

"न्हाई न्हाई, तुमी बसा. मी येतो उद्या."

एकदा माझ्याच घरचा कॉम्प्युटर बंद पडला. मी तो उघडून बसलो होतो. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "काहून उगा जीव काढून राहिले? फौजदार भावजींना बोलवा ना." ती अगदी सहज बोलली. मला मात्र तो चहा गेला नाही.

फौजदाराची एक पद्धत होती. मूळ डिस्कवर तो कधीच काम करायचा नाही. तेवढ्याच आकाराची कोरी डिस्क जोडून आधी हुबेहूब नक्कल करायचा आणि जे काय करायचं ते नकलेवर. मूळ डिस्कला तो थोरला म्हणायचा, कोरीला धाकटा. कोण थोरला नि कोण धाकटा, हे डिस्कच्या मागे बसवलेल्या एका चिमुकल्या टोपीवरून ठरतं. तिला जंपर म्हणतात.

कुरुंद्याचे एक काका होते, निवृत्त कारकून. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या, बाबासाहेबांच्या ओव्या त्यांनी कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. आई गेली. कॅसेटी बुरशी लागून खराब झाल्या, त्या त्यांनी टाकून दिल्या. आणि एके दिवशी डिस्क रिकामी दिसू लागली. काका दुकानात आले तेव्हा फौजदाराने चेष्टा केली नाही. "काका, आवाज हाय आत. संध्याकाळी ऐकूनच जा," म्हणाला.

मला ते 'ऐकूनच जा' सहन झालं नाही. तो दोन्ही डिस्क जोडून, काकांना घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेला. मी दोन्ही डिस्कच्या जंपरांची अदलाबदल केली. थोरला धाकटा झाला, धाकटा थोरला.

एरवी त्याने ओळखलं असतं. पण काकांच्या डिस्कचा तक्ताच गेलेला होता. पडद्यावर दोन्ही सारख्याच रिकाम्या दिसत होत्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. त्याने नेहमीप्रमाणे थोरल्यावरून धाकट्यावर नक्कल सुरू केली. कोऱ्या डिस्कची नक्कल काकांच्या आईच्या आवाजावर चढत राहिली आणि मी शेजारी बसून प्रिंटर साफ करत होतो.

त्याची फक्त थोडी फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. काय पुसलं जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. तो येईपर्यंत आणि आल्यावरही मला थांबवता आलं असतं.

नक्कल संपल्यावर त्याने खुणा शोधल्या. पुन्हा शोधल्या. मग उठून काकांसमोर उभा राहिला. "काका, माझ्या हातानं पुसलं. जोडताना चुकलो."

काकांनी आपली डिस्क पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "जाऊ द्या साहेब. तुमी मुद्दाम थोडंच केलं?"

मी तेव्हाही प्रिंटरच पुसत होतो.

महिनाभरात त्याने भागीदारी सोडली आणि सेनगावला फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी अडवलं नाही. गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. पुढे मी क्लास काढला आणि पोरांना शिकवताना एक उदाहरण हमखास देत आलो: एक चांगला हुशार मेकॅनिक होता, निष्काळजीपणाने त्याने एका माणसाच्या आईचा आवाज पुसला. पोरं गंभीर होत. माझा वर्ग चांगला चालला.

मागे कळमनुरीच्या स्टँडवर तो भेटला. केस विरळ झालेत. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "लेका, माझ्यामुळं तुझ्या दुकानाचं नाव खराब झालतं. तुला बोलायची हिंमतच झाली न्हाई इतके दिवस." मी म्हणालो, "सोड रे, जुनं झालं." त्याची जीप सुटली आणि तो मागच्या सीटवरून हात हलवत गेला.

त्याचा हात चुकला नव्हता. हे मला कुरुंद्याला जाऊन काकांना आणि सेनगावला जाऊन त्याला, माझ्या तोंडाने सांगायचं आहे. ते देणं मी अजून फेडलेलं नाही.