दुपारची खबर

सगळ्या जहाजांची दुपारी बाराची खबर येईपर्यंत दीपमाला गजभिये डबा उघडत नसत. हडपसरच्या आयटी पार्कात बसून त्या हवामान पाहून जहाजांना मार्ग सुचवत. एकदा वादळ टाळायला त्यांनी एका कप्तानाला दक्षिणेकडे वळवलं आणि दुसऱ्या दिवशी वादळही तिकडेच वळलं. त्यांनीच आखलेली रेघ आता पडद्यावर सरळ वादळात जात होती. जहाजावर बावीस माणसं होती. एक वाजला, दोन वाजले, खबर नाही.

शेजारची निकिता म्हणाली, “मॅडम, उपाशी राहून लाटा कमी होतात का?”

त्यांनी डबा आणखी दूर सरकवला.

पावणेतीनला दोन ओळी आल्या. लाटा नऊ मीटर. सगळे सुखरूप.

त्यांनी डबा पुढे ओढून उघडला.

“निकिता, भाजी गार झालीय. थोडी घेतेस?”