हलक्या रायफलीची दुर्बीण

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. महाराजांच्या बोर्डिंगात राहून बी. ए. झालो आणि दरबारच्या शिकारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहाराला लागलो. त्याच शिकारखान्यात माझे वडील, आबा, वीस वर्षं बंदुकीवर होते. मोठे पाहुणे शिकारीला येत, त्यांचा नेम हुकला की जनावर जखमी होऊन पळे. त्याच्यामागं डोंगर चढायचा आणि पलीकडच्या उतारावर ते दिसलं की एका गोळीत त्याचे हाल संपवायचे, हे आबांचं काम. म्हणून त्यांची रायफल वजनाला हलकी आणि लांब मारणारी होती.

त्या हंगामात आबांचे दोन बार चुकले. एक सांबर पोटात गोळी घेऊन दरीत उतरलं ते सापडलंच नाही. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. शिकारखान्याच्या अधिकाऱ्यांनी तोंडावर सांगितलं, पुन्हा असं झालं तर बंदूक ठेवा आणि हाका घालून जनावर उठवणाऱ्यांत जाऊन डबे वाजवा. डोळे गेलेत हे आबा कबूल करीनात. "लांबचं समदं दिसतंय की मला!" म्हणायचे. आणि ते खरं होतं. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा बारीक खुंट, तेवढाच त्यांना धुरकट दिसे.

रायफलीवर दुर्बीण बसवतात हे मी एका इंग्रजी कॅटलॉगात वाचलं होतं. परवानगी काढून मुंबईच्या दुकानाला पत्र घातलं. पसंतीसाठी दोन दुर्बिणी आल्या. एक हातभर लांब, आठपट मोठं दाखवणारी. दुसरी वीतभर, जेमतेम अडीचपट. आठवड्यात एक परत धाडायची होती. माझं ठरलेलंच होतं. आठ हे अडीचपेक्षा जास्त, एवढं गणित मला येत होतं.

कळंब्याच्या तळ्याकडेला गेलो. बरोबर शिकारखान्याचे मिस्त्री होते, पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं दुरुस्त करणाऱ्या मुसलमान घरातले. मी त्यांना चाचा म्हणे. मी दोनशे पावलांवर बाभळीला वर्तमानपत्राचं पान टाचलं, रिकामी रायफल पोत्यावर टेकवली आणि मोठ्या दुर्बिणीतून मथळा वाचून दाखवला.

"बघा आबा, अक्षर न् अक्षर दिसतंय!"

आबांनी डोळा लावला. "दिसतंय. मुंगळं बसल्यागत." मग मान वर करून म्हणाले, "तुला पेपर वाचायचाय का जनावर पाडायचंय?"

चाचा हसले. "बीएसाहेब, त्या झाडापातूर पळत जाऊन या आन् मग हुभ्यानं बघा."

पळून आलो, रायफल उचलली. पान असं नाचायला लागलं की मथळा कुठं गेला कळेना. माझ्या छातीचा ठोका त्या काचेत दिसत होता.

"डोंगर चढल्यावर तुमचा बा असंच बघणार," चाचा म्हणाले. "आता मातीच्या उंचवट्यावर चुन्याचं गाडगं ठेवलंय, ते हुडका."

मला आभाळ दिसलं, गवत दिसलं, एक कावळाही दिसला. गाडगं काही दिसेना. आबांनी छोटी दुर्बीण चढवून घेतली, रायफल खांद्याला लावली आणि म्हणाले, "घावलं."

"आन् हलकी बंदूक लाथ जास्त मारती," चाचा म्हणाले. "मोठीला डोळा पार चिकटवावा लागतोय. भुवई फुटंल."

मला राग आला होता. "मग आठपट करतात तरी कशाला?"

"बसून मारणाऱ्यांस्नी!"

आबांनी काडतूस भरलं. बार झाला, गाडग्याच्या खापऱ्या उडाल्या. चाचा ओरडले, मीही ओरडलो. आबा मात्र अजून काचेतच बघत होते.

"लेका, येक सांग. नळीचा खुंट दीड हातावर, त्यो मला दिसंना. आन् काचेतली ही नेमाची तार तर डोळ्याम्होरंच हाय, ती कशी स्वच्छ दिसती?"

भिंगांचा धडा मी कॉलेजात पाठ केला होता, त्यावर पासही झालो होतो. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मग आबाच म्हणाले, "मला वाटतंय, ह्यात तार आन् गाडगं येकाच जागी हुभं ऱ्हातंय. डोळ्याला जवळ-लांब हेलपाटं पडत न्हाईत."

घरी जाऊन पुस्तक काढलं आणि आबांच्या देखतच किरणांच्या रेघा ओढत बसलो. दोनदा आकृती चुकली. तिसऱ्यांदा जमली, तेव्हा आबांचं वाक्यच इंग्रजीत लिहावं तसं उत्तर आलं.

मोठी दुर्बीण परत धाडण्याचं पत्र सहीला नेलं. मोठी दमलेल्या माणसाच्या हातात नाचते हे लिहून, छोटीनं आबांचा नेम का जमतो याचं कारण म्हणून तेच वाक्य घातलं होतं. अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं.

"कुठल्या पुस्तकातलं हे?"

"पुस्तकातलं नाही, साहेब. माझे वडील म्हणाले."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सही केली आणि पुढच्या शिकारीच्या यादीत आबांचं नाव बंदुकीपुढंच ठेवलं.

आबांना सांगायला गेलो तर ते छोट्या दुर्बिणीची काच धोतराच्या सोग्यानं पुसत होते. म्हणाले, "बरं झालं. आता ती रेघांची आकृती मलाबी दाव. कुठं चुकलास ते बघू दे."