सहा आठवडे मागे

संपादकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते मला दिसलेच नाहीत. दिसला तो कागदाचा डोंगर. जगात आजवर छापलेली एकूण एक वर्तमानपत्रं कुणीतरी त्या दहा बाय बाराच्या दुकानात आणून रचली असावीत, असा तो देखावा होता. वर शिखरापाशी ढग होते की कोळ्याची जाळी, ते खालून नीट कळत नव्हतं. मी सात किलोंचा गठ्ठा छातीशी धरून पायथ्याला उभा राहिलो आणि हाक मारली. तेव्हा डोंगराच्या पोटातून आवाज आला, "हे सरकार पडणार."

मी दचकलो. ते सरकार पडून महिना उलटला होता, नव्या सरकारचा शपथविधी झाला होता आणि त्यातल्या दोन मंत्र्यांनी राजीनामेही देऊन टाकले होते.

"पडलं की!" मी म्हणालो.

डोंगर हलला. गठ्ठ्यांमागून आधी एक चष्मा, मग दोन जाड भुवया आणि शेवटी पन्नाशीचे एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू सरकार मीच पाडलं असावं.

"तुम्ही नवीन दिसताय," ते म्हणाले, आणि तराजूच्या वर टांगलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर खडूने तारीख लिहिली होती, बरोबर सहा आठवड्यांपूर्वीची. तिच्याखाली ठळक अक्षरांत: 'ह्याच्या पुढचं बोलू नये.'

"माफ करा," मी म्हणालो.

"माफ केलं. पण पुढचे आठ दिवस मी काय वाचू, ते सांगा."

हे आमच्या गल्लीतले रद्दीवाले. संपादक हे नाव त्यांना गल्लीने दिलं आणि त्यांनी ते पगार नसतानाही स्वीकारलं. माणसं महिन्याची वर्तमानपत्रं साठवतात, मग कंटाळा करण्यात दहा-बारा दिवस घालवतात आणि मग रद्दी विकायला काढतात. त्यामुळे संपादकांच्या हाती जग पोचायचं ते सहा आठवडे उशिरा. आलेले अंक ते तारखेप्रमाणे लावत आणि रोज एक, पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत, वाचत. एकही दिवस गाळायचा नाही, एकही आधी वाचायचा नाही. घरात टीव्हीवर बातम्या लागल्या की ते उठून बाहेर जात. फोन बटणांचा होता.

"पण ताजा पेपर का नाही वाचत?" मी एकदा विचारलं.

"ताजा वाचून तुम्ही काय केलंत? काल युद्ध सुरू झाल्याचं वाचलंत. थांबवलंत?"

"नाही."

"मग मी सहा आठवड्यांनी न थांबवलं तर बिघडलं कुठे?"



त्यांची मतं मात्र ठाम असत आणि त्यांना वजनाचा आधार असे. अर्थव्यवस्था ते तराजूवर मोजत. लोकांच्या हातात पैसा खेळायला लागला की जाहिराती वाढतात, जाहिराती वाढल्या की पानं वाढतात; म्हणून एका घरातली एका महिन्याची रद्दी किती भरते, हा त्यांचा निर्देशांक होता. "गेल्या साली तुमची सात किलो भरायची. ह्या महिन्यात पाच किलो सातशे. आणि अर्थमंत्री म्हणतात प्रगती आहे! एकदा इथे येऊन काट्यावर उभे राहा म्हणावं." निवडणुकीच्या महिन्यात रद्दी फुगायची. "आश्वासनांना वजन असतं," ते म्हणायचे, "पण ते फक्त माझ्याकडे येतं."

युद्धावरचं त्यांचं मत नकाशावर उभं होतं. युद्ध सुरू झालं की नकाशा पहिल्या पानावर येतो. तिसऱ्या आठवड्यात तो पाचव्या पानावर जातो. "नकाशा आत गेला म्हणजे माणसं मरायची थांबली असं नाही हं. वाचणारे कंटाळले, एवढंच." हे सांगताना ते कधी हसले नाहीत.

गल्ली त्यांचा नियम पाळत असे. निवृत्त पोस्टमन रोज सकाळी दुकानासमोरच्या बाकावर बसून संपादकांशी सहा आठवड्यांपूर्वीच्या राजकारणावर हिरिरीने वाद घालत आणि मुद्दाम हरणाऱ्या पक्षाची बाजू घेत. "मी आयुष्यभर उशिरा पोचलेली पत्रं वाटली," ते म्हणत, "मला सवय आहे."

मी नवखेपणी मोडला तो सोडला, तर नियम फक्त एकदा मोडला होता, तो घरातच. संपादकांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, एका निवडणुकीचा निकाल भाजी चिरता चिरता सांगून टाकला. संपादकांनी तीन दिवस दुकान उघडलं नाही की तोंड उघडलं नाही. "माझे सहा आठवडे हिने एका वाक्यात खाल्ले," एवढंच ते चौथ्या दिवशी म्हणाले. वहिनींनी त्याच दिवशी शब्द दिला, की ह्यापुढे मी तुम्हाला पुढची कुठलीही गोष्ट सांगणार नाही. त्या रागावून शब्द देतात. आणि रागावून दिलेला शब्द वहिनी कधी मोडत नाहीत.

दुकानाला लागूनच त्यांचं घर होतं आणि त्याच्या पुढच्या खोलीत वहिनी शिवणाचा वर्ग चालवायच्या. सहा मशिनं, पाच मुली आणि दर उन्हाळ्यात एका शाळेच्या गणवेशांचं काम.

त्या वर्षी दूरच्या दोन देशांत युद्ध पेटलं. नावं सांगून उपयोग नाही. त्यांची आपसात जी ओळख आहे ती आपल्याला नको. युद्ध आठ आठवडे चाललं आणि थांबलं. ते थांबून आठवडा झाला होता तेव्हा संपादकांच्या पाटीवर युद्धाचा तिसरा आठवडा चालू होता, आणि त्या दिवशीच्या अंकात सातव्या पानावर एका तज्ज्ञाचा लेख होता. कागदाचा लगदा वाहून नेणारी जहाजं त्याच समुद्रातून जातात. युद्ध लांबलं तर कागद मिळेनासा होईल आणि रद्दीला सोन्याचा भाव येईल, असं त्याचं म्हणणं होतं.

संपादकांनी तीस वर्षांत एकाही तज्ज्ञावर विश्वास ठेवला नव्हता. पण ह्याआधी कुठल्याही तज्ज्ञाने रद्दीबद्दल चांगला शब्द काढला नव्हता.

त्यांनी कागद कारखान्याच्या ट्रकला माल देणं बंद केलं. ट्रकवाला म्हणाला, "भाव तोच आहे, संपादक."

"कारखान्याला अजून कळलेलं नाही," संपादक म्हणाले.

दुकान छतापर्यंत भरलं. मग गठ्ठे जिन्यात आले. मग एके दिवशी वहिनी बाजारातून आल्या तर सहापैकी चार मशिनं भिंतीशी एकावर एक सरकवलेली आणि पुढची खोली गठ्ठ्यांनी भरलेली. उरलेल्या दोन मशिनांवर पाच मुली पाळीपाळीने बसल्या होत्या.

मी नेमका तेव्हा गठ्ठा घेऊन पोचलो.

"अहो, हे काय?" वहिनी म्हणाल्या.

"युद्ध चिघळतंय," संपादक म्हणाले.

"चिघळतंय?"

"नकाशा पाचव्या पानावर गेला. आता वर्षभर हलत नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटीकडे पाहिलं. पोस्टमननी बाहेर आपल्या चपलेकडे पाहिलं.

"शाळा उघडायला वीस दिवस आहेत," वहिनी म्हणाल्या. "साठ गणवेश बाकी आहेत. बारा दिवसांत ही खोली मोकळी झाली नाही, तर मी मशिनं घेऊन भावाकडे चालले. आणि मी शब्द मोडेन अशी भीती बाळगू नका. मी काही सांगणार नाही. चिघळू द्या तुमचं."

आता गंमत अशी, की युद्ध थांबल्याची बातमी त्याच खोलीत होती. मीच आणून दिलेला तो अंक होता, आणि तो आजच्या अंकाच्या एकवीस अंक खाली होता. बारा दिवस आणि एकवीस अंक. पोस्टमननी आणि मी बाकावर बसून पुष्कळ हिशेब मांडला, पण बारात एकवीस बसेनात.

"रोज दोन वाचा ना," मी संपादकांना सुचवलं.

"का? तुम्ही एका दिवसात दोन दिवस जगता?"

"तसं नाही. समजा, युद्ध थांबलं..."

"ओ!" त्यांनी पाटीवर बोट आपटलं.

"समजा म्हणतोय."

"समजा म्हणूनच सगळे सांगतात."

पोस्टमननी मधले नऊ अंक गुपचूप काढून घ्यायचा प्रयत्न केला. ते त्यांनी सदऱ्याच्या आत घातले आणि बाकावर येऊन बसले. संपादकांनी बाहेर येऊन नुसता हात पुढे केला. "एकाही दिवसावरून उडी मारलेली मला चालत नाही," ते म्हणाले, "आणि तुमचं पोट सकाळी एवढं नव्हतं."

मला सांगून टाकता आलं असतं. एक वाक्य होतं, 'युद्ध थांबलंय.' ते मी रोज घरून घोकून निघायचो. पण दुकानात पोचलो की ते गृहस्थ चष्मा वर सारून मला विचारायचे, "काय वाटतं तुम्हाला, बंदर पडेल?" बंदर पडूनही गेलेलं होतं, परतही मिळालेलं होतं. त्यांचा चेहरा बघून मी म्हणायचो, "सांगता येत नाही बुवा."

तेराव्या दिवशी सकाळी वहिनींचा भाऊ टेंपो घेऊन आला. सहा मशिनं चढली, पाच मुली मशिनं धरून मागे बसल्या आणि वहिनी पुढे. गल्ली बघत होती. संपादक दारात उभे होते, हातात त्या दिवशीचा, म्हणजे सहा आठवड्यांपूर्वीचा, अंक.

"जेवण झाकून ठेवलंय," वहिनी म्हणाल्या, "आजचंच आहे." टेंपो गेला.

संध्याकाळी संपादक माझ्या घरी आले. ह्यापूर्वी ते कधी कुणाच्या घरी गेले नव्हते. घरोघरी टेबलावर ताजे पेपर असतात. माझ्या टेबलावरही होता. त्यांनी त्यावर आपली टोपी ठेवली आणि खुर्चीत बसले.

"काय झालं हो युद्धाचं?" त्यांनी विचारलं.

"थांबलं."

"कधी?"

"महिना होऊन गेला."

त्यांनी पेपरवरची टोपी नीट सरकवली. मग म्हणाले, "जिंकलं कोण?"

"दोघंही म्हणतात, आम्ही."

"हां," ते म्हणाले. "मग खरंच थांबलं असेल." दारापर्यंत जाऊन ते वळले. "गल्लीत सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"आणि कुणी बोललं नाही?"

"पाटी होती ना."

त्यांनी मान हलवली. रागावले की खूश झाले, ते मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रक बोलावला आणि सगळा माल जुन्याच भावाने देऊन टाकला. न वाचलेले अंक तेवढे बाजूला ठेवले. दुपारी ते मेहुण्याकडे जाऊन वहिनींना म्हणाले, "खोली मोकळी झाली. युद्ध थांबलंय."

"हो का?" वहिनी म्हणाल्या. "मला काही कल्पना नव्हती." आणि त्या कॉलर शिवत राहिल्या.

आठ दिवसांनी पाटीवर ती तारीख आली. संपादकांनी दुकानात उभं राहून युद्धविरामाची बातमी मोठ्याने, अगदी मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचून दाखवली. आम्ही सगळ्यांनी आश्चर्य व्यक्त केलं. पोस्टमन तर बाकावरून उठले. त्या दिवशी वहिनीही आल्या होत्या. गणवेश वेळेवर पोचले होते. त्या राहिल्या, आणि रात्रीच्या पोळ्या त्यांनीच केल्या.

मशिनं मात्र भावाकडेच आहेत. तिथल्या खोलीला दोन खिडक्या आहेत. वहिनी सकाळी नऊला जातात, सहाला येतात. पुढच्या खोलीत आता रद्दी असते.